चवथीला घरी असताना कंपनीचा मेल ब्राउझरमधून कसा उघडायचा

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आली की आमच्या वेर्ण्याच्या ऑफिसात दोन दिवस आधीपासूनच खुर्च्या रिकाम्या व्हायला लागतात, कोण पेडण्याला, कोण सत्तरीत वाळपईच्या पुढे, कोण सावंतवाडी कुडाळला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून मला फोन सुरू. मेल उघडत नाही, पासवर्ड घेत नाही, ओटीपी येत नाही, आणि सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं म्हणजे "इनबॉक्स रिकामा दिसतोय, माझे मेल गेले कुठे". मी कंपनीत कॉम्प्युटर आणि नेटवर्कचं काम बघतो, आणि इतक्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालंय की बाहेरून मेल उघडणं हे बाहेर गेल्यावर करायचं काम नाहीच, ते निघायच्या चार दिवस आधी, ऑफिसात आपल्या टेबलावर बसून करून ठेवायचं काम आहे. घरी गेल्यावर माटोळी (गणपतीवरचं फळाफुलांचं छत) बांधायची का फोनवर पासवर्ड रिसेट करत बसायचं. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहितोय, वेळ काढून वाचा.

वेबमेल म्हणजे वेगळं काही नाही, ऑफिसच्या पीसीवर आउटलुक किंवा थंडरबर्डमध्ये जो मेल बघता तोच, फक्त वेबसाइट उघडतो तसा ब्राउझरमध्ये उघडायचा. काही इन्स्टॉल करावं लागत नाही, आणि नीट साइन आउट केलं तर तुमचा मेल त्या मशीनवर उघडा पण राहत नाही, हा मोठा फायदा.

आधी पत्ता कळू दे

बऱ्याच जणांना आपला मेल नेमका कुठे आहे हेच माहीत नसतं कारण आउटलुकचं आयकॉन दाबलं की तो आपोआप उघडतो. गूगल वर्कस्पेस असेल तर पत्ता मेल डॉट गूगल डॉट कॉम, तिथे तुमचा घरचा जीमेल नाही तर कंपनीचा पूर्ण आयडी टाकायचा. मायक्रोसॉफ्ट ३६५ असेल तर आउटलुक डॉट ऑफिस डॉट कॉम. झोहो असेल आणि खातं भारतातल्या सर्व्हरवर असेल तर मेल डॉट झोहो डॉट इन. म्हापसा, फोंडा, मडगावच्या छोट्या कंपन्यांत वेबसाइट ज्याच्याकडून करून घेतली त्याच्याच होस्टिंगवर (भाड्याच्या सर्व्हरवर) मेल पण असतो, बहुतेक सीपॅनल नावाच्या सॉफ्टवेअरवाला, तिथे कंपनीच्या वेबसाइटच्या नावापुढे स्लॅश देऊन वेबमेल लिहिलं की पान येतं, नाही आलं तर नावापुढे कोलन आणि २०९६ टाकायचं, तो सीपॅनलच्या सुरक्षित वेबमेलचा पोर्ट, म्हणजे दरवाजाचा नंबर, आहे. कोणी तुम्हाला २०९५ सांगितला तर तो नको, तो साधा, एन्क्रिप्शन (मजकूर गुप्त करणं) नसलेला. आत गेल्यावर बहुतेक ठिकाणी राउंडक्यूब नावाचा वेबमेल दिसेल, दिसायला साधं आहे पण काम चोख करतं.

आणि ज्यांचा एक्स्चेंज (मायक्रोसॉफ्टचा मेल) सर्व्हर ऑफिसातच ठेवलाय त्यांचा पत्ता बहुतेक मेल डॉट कंपनीचं नाव आणि शेवटी स्लॅश ओडब्ल्यूए असा असतो. ओडब्ल्यूए म्हणजे आउटलुक वेब अ‍ॅक्सेस, १९९७ च्या एक्स्चेंज ५.० पासून हे चालत आलंय, आता नाव आउटलुक ऑन द वेब झालं तरी सगळे ओडब्ल्यूएच म्हणतात. अशा ठिकाणी युजरनेम पण वेगळं असू शकतं, आधी डोमेनचं (कंपनीच्या नेटवर्कचं) छोटं नाव, मग उलटा स्लॅश, मग तुमचं लॉगिन नाव, ते विचारून लिहून घ्या. काही कंपन्यांत हे पान बाहेरच्या जगाला उघडं ठेवलेलंच नसतं, आधी व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कला बाहेरून सुरक्षित जोडणारी सोय) जोडायचा आणि मग पान उघडायचं, तसं असेल तर व्हीपीएन लॅपटॉपवर चालतोय ना हे पण आधीच बघायला हवं. एक गोष्ट मालकांच्या कानावर घालाच, एक्स्चेंज २०१६ आणि २०१९ दोन्हींचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, असा सर्व्हर अपडेट न मिळता इंटरनेटवर उघडा ठेवणं म्हणजे कुलूप न लावता गावाला जाणं.

पत्ता मिळाला की ब्राउझरमध्ये बुकमार्क करून ठेवा आणि दर वेळी त्याच बुकमार्कवरून जा. गूगलवर "वेबमेल लॉगिन" असं शोधून जाऊ नका, वर जाहिरातीत खोटी पानं येऊन बसतात.

ऑफिसात बसूनच करायची टेस्ट

फोनचं वायफाय बंद करा, मोबाईल डेटा चालू करा, ब्राउझरमध्ये प्रायव्हेट टॅब उघडा, पत्ता टाका, पासवर्ड हाताने टाइप करा. एवढंच. पण यातलं एकही सोडायचं नाही. वायफाय बंद का, तर ऑफिसच्या नेटवर्कमध्ये असताना काही पत्ते आतल्या आत उघडतात आणि बाहेरून उघडतच नाहीत, शिवाय काही ठिकाणी ऑफिसच्या नेटवर पासवर्डनंतरचा दुसरा कोड मागतच नाही, तो बाहेर गेल्यावरच मागतं. प्रायव्हेट टॅब का, तर सेव्ह झालेलं जुनं लॉगिन मध्ये येऊ नये म्हणून. आणि पासवर्ड हाताने का, तर तुमचा पासवर्ड ऑफिसच्या पीसीला पाठ आहे, तुम्हाला नाही. तीन वर्षांपूर्वी एकदा टाकला, सेव्ह केला, नंतर कधी टाकायची वेळच आली नाही, अशी माणसं प्रत्येक ऑफिसात आहेत.

पासवर्ड आठवत नसेल तर तेव्हाच बदलून घ्या, माझ्यासारखा माणूस समोर बसलेला असतो तेव्हा पाच मिनिटांचं काम आहे. चवथीच्या दिवशी दुपारी फोन केला तर मी पण आरतीला उभा असणार. आणि बदलल्यानंतर फोनवरचं मेल अ‍ॅप, ऑफिसचं आउटलुक, घरचा लॅपटॉप, जिथे जिथे जुना पासवर्ड आहे तिथे नवा टाका, नाहीतर ती मशीन जुना पासवर्ड परत परत पाठवत राहते आणि सर्व्हर तुमचं खातं किंवा तुमच्या नेटचा आयपी (नेटवरचा पत्ता) लॉक करून टाकतो.

लॉगिन झालं म्हणजे टेस्ट संपली असं नाही. एक मेल स्वतःच्या दुसऱ्या आयडीवर पाठवा, अटॅचमेंट लावून. एक महिन्यापूर्वीचा मेल शोधून बघा. सेंट फोल्डर उघडून बघा. कारण खरी गडबड इथेच सापडते, आणि त्यावर मी जरा सविस्तर लिहिणार आहे.

इनबॉक्स रिकामा का दिसतो

हा प्रकार मुख्यतः होस्टिंगवाल्या मेलमध्ये होतो आणि माणूस खरोखर घाबरतो. मागे एक अकाउंट्समधली ताई डिचोलीला घरी होती, तिने पहिल्यांदाच वेबमेल उघडला, आत फक्त त्या सकाळचे सात मेल, बाकी सहा वर्षांचं काहीच नाही, आणि सेंट तर पूर्ण रिकामा. तिला वाटलं कोणीतरी हॅक करून सगळं उडवलं. रडकुंडीला आली होती बिचारी. उडवलं कोणी नव्हतं, तिचं आउटलुक पॉपवर सेट केलेलं होतं.

मेल सर्व्हरवरून पीसीवर आणायच्या दोन पद्धती आहेत, पॉप आणि आयमॅप. पॉप म्हणजे पोस्टमनच्या पिशवीतून पत्रं काढून घरी नेणं, पिशवी रिकामी, पत्रं घरात. आयमॅप म्हणजे पत्रं पोस्टातच तुमच्या कप्प्यात राहतात, तुम्ही घरून, ऑफिसातून, फोनवरून तोच कप्पा बघता. वेबमेल हा पण तोच पोस्टातला कप्पा दाखवतो. मग पॉपवाल्याचा कप्पा रिकामा दिसणारच, सगळं सामान ऑफिसच्या पीसीमध्ये उतरवून घेतलंय. पाठवलेले मेल तर पॉपमध्ये सर्व्हरवर जातच नाहीत, ते पीसीवरच राहतात, म्हणून सेंट रिकामा. सगळ्यात वाईट म्हणजे तुम्ही गावी असताना ऑफिसचा पीसी चालू राहिला आणि त्यावर आउटलुक उघडं राहिलं तर येणारा प्रत्येक मेल ते काही मिनिटांत खेचून नेतं, तुम्ही वेबमेल रिफ्रेश करत बसता आणि तिकडे ग्राहक म्हणतो मी पाठवला की.

तुमचं काय आहे ते बघायला आउटलुकमध्ये अकाउंट सेटिंग्जमध्ये जा, खात्यापुढे पॉप का आयमॅप ते लिहिलेलं असतं, किंवा पोर्ट बघा, ११० नाहीतर ९९५ असेल तर पॉप, १४३ नाहीतर ९९३ असेल तर आयमॅप. पॉप असेल आणि सुट्टीला दोनच दिवस राहिले असतील तर मोठी दुरुस्ती आता करत बसू नका, मोअर सेटिंग्जमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड टॅबवर "लीव्ह अ कॉपी ऑफ मेसेजेस ऑन द सर्व्हर" असा चौकोन असतो त्यात टिक करा, आणि त्याच्या खाली अमुक दिवसांनी सर्व्हरवरून काढ असा आकडा असतो, बऱ्याचदा १४, तो तुमच्या रजेपेक्षा मोठा आहे ना ते बघा. ही टिक केल्यानंतर जे येईल तेच वेबमेलमध्ये राहील, मागचं परत येणार नाही हे ध्यानात असू दे. म्हणून रजेत लागणारे जुने मेल, चालू ऑर्डर, करार, जे काही असेल ते स्वतःलाच फॉरवर्ड करून ठेवा, म्हणजे ते नव्याने सर्व्हरवर येतील. आणि निघताना आउटलुक बंद करून पीसी पण बंद करा.

सुट्टीनंतर मात्र आयमॅपवर जाच. पण पॉपचं खातं डिलीट करून आयमॅप टाकू असं घाईत करू नका, आधी सगळ्या जुन्या मेलचा बॅकअप घ्यायचा, मग आयमॅप खातं बाजूला जोडायचं, मग फोल्डर थोडे थोडे ओढून तिकडे न्यायचे, आणि त्याआधी सर्व्हरवर जागा किती आहे ते बघायचं, होस्टिंगवर एक दोन जीबीचा कोटा असेल तर सहा वर्षांचा मेल त्यात मावणार नाही आणि कोटा भरला की नवीन येणारे मेल पाठवणाऱ्याला परत जायला लागतात. हे कॉम्प्युटरवाल्या माणसाकडूनच करून घ्या. गूगल, मायक्रोसॉफ्ट, झोहोवाल्यांनी नेहमीच्या पद्धतीने सेट केलं असेल तर हा प्रश्न सहसा येत नाही.

दुसरं कुलूप: ओटीपी, अ‍ॅप, कागदावरचे कोड

पासवर्डनंतर दुसरा कोड लागतो तो लागायलाच पाहिजे, मी त्याच्या पूर्ण बाजूने आहे, नुसत्या पासवर्डवरचा कंपनी मेल आजच्या दिवसात ठेवू नये. पण बाहेरगावी माणूस अडकतो तो इथेच. सत्तरीत, काणकोणात, सांगेच्या आतल्या भागात अशी घरं आहेत जिथे फायबरचं नेट मस्त चालतं पण मोबाईलला रेंज नाही, मग लॅपटॉपवर पान उघडतं, पासवर्ड घेतं, आणि एसएमएस काही येत नाही. आमचा एक सेल्सचा मुलगा चोर्ला घाटातून बेळगावला जाताना रस्त्यात थांबून रेट पाठवायला बघत होता, एक काडी रेंज यायची आणि जायची, ओटीपी पोचला तो पण वेळ टळून गेल्यावर, परत मागवला तर तोच प्रकार, तीन चार वेळा झालं आणि खातं थोड्या वेळासाठी बंद.

म्हणून एसएमएसवर अवलंबून राहू नका, ऑथेंटिकेटर अ‍ॅप लावा, गूगलचं किंवा मायक्रोसॉफ्टचं, कुठलंही. त्यात दर ३० सेकंदांनी बदलणारा सहा आकडी कोड असतो आणि तो फोनमध्येच तयार होतो, वेळ आणि एका गुप्त किल्लीवरून, त्याला ना रेंज लागते ना नेट, फोन एअरप्लेन मोडवर असला तरी चालतो. फक्त फोनचं घड्याळ आपोआप वेळ घेण्यावर ठेवा, हाताने पुढे मागे केलेलं असेल तर कोड चुकीचा येतो, आणि लोक बिचारे परत परत टाकत बसतात. मायक्रोसॉफ्टमध्ये कोडच्या ऐवजी फोनवर सूचना येते आणि स्क्रीनवर दिसलेला दोन आकडी नंबर त्यात टाकायचा असतो, २०२३ च्या मे महिन्यापासून तो नंबर टाकणं सगळ्यांना सक्तीचं आहे. ही सूचना नेटवरून येते, रेंज नसेल तर फोन घरच्या वायफायवर जोडा. आणि तुम्ही लॉगिन करत नसताना अशी सूचना आली तर डिनाय दाबा आणि लगेच पासवर्ड बदला, कारण कोणाकडे तरी तो पोचलाय.

फोन बुडाला, हरवला, चार्जिंग संपलं तर? चवथीच्या विसर्जनाला तळीत फोन गेलेली माणसं मला माहीत आहेत. त्यासाठी बॅकअप कोड. गूगलमध्ये सिक्युरिटीच्या पानावर टू स्टेप व्हेरिफिकेशनमध्ये मिळतात, १० कोड, प्रत्येक ८ आकडी, एक कोड एकदाच चालतो. प्रिंट काढा किंवा हाताने लिहा आणि पाकिटात ठेवा, आयडी आणि पासवर्ड त्याच कागदावर लिहू नका. फोनमध्ये फोटो काढून ठेवण्यात अर्थ नाही, फोनच नसेल तेव्हासाठी आहे ते.

आणखी दोन गोष्टी इथे. नवीन फोन घेताय तर जुना फोन बदल्यात दुकानात देण्याआधी ऑथेंटिकेटर नव्या फोनवर हलवा, चवथीच्या ऑफरमध्ये फोन घेतला आणि जुना दुकानात दिला, असं होऊन खातं उघडायला दोन दिवस गेलेत आमच्याकडे. आणि ओटीपीचा नंबर कोणाचा लावलाय ते बघा, छोट्या कंपनीत खूपदा तो मालकांचा किंवा आधी असलेल्या माणसाचा असतो. परदेशी जाणार असाल, दुबईला प्रदर्शनाला वगैरे, तर रोमिंग चालू असेल तरच भारतातल्या सिमवर एसएमएस येईल, आणि काही कंपन्यांनी भारताबाहेरून लॉगिन बंद ठेवलेलं असतं, आयटीला तारखा आधी सांगा म्हणजे ते तेवढ्यापुरतं उघडून देतील.

कुठली मशीन, कुठलं नेट

स्वतःचा लॅपटॉप आणि स्वतःच्या फोनचा हॉटस्पॉट, ही जोडी सगळ्यात चांगली. घरच्यांचा लॅपटॉप असेल तर प्रायव्हेट विंडो उघडायची, "पासवर्ड सेव्ह करू का" विचारलं तर नेव्हर, "स्टे साइन्ड इन" विचारलं तर नो, काम झालं की साइन आउट करून सगळ्या प्रायव्हेट विंडो बंद. पण प्रायव्हेट विंडो म्हणजे जादू नाही हे समजून घ्या, ती फक्त हिस्टरी आणि लॉगिन मागे ठेवत नाही, त्या मशीनवर कीबोर्डवर काय दाबलं ते नोंदवणारं काही बसलेलं असेल तर पासवर्ड गेलाच.

म्हणूनच झेरॉक्सच्या दुकानातल्या किंवा हॉटेलच्या रिसेप्शनवरच्या कॉम्प्युटरवर कंपनीचा मेल उघडू नका. मला माहीत आहे तिथे का उघडावा लागतो, एक सही करून स्कॅन करायचं असतं किंवा एक प्रिंट काढायची असते. मग आपल्या फोनवर मेल उघडा, तेवढी एकच पीडीएफ दुकानवाल्याच्या आयडीवर पाठवा, प्रिंट घ्या, आणि समोर उभं राहून त्याच्या डाउनलोड्समधून, रीसायकल बिनमधून आणि त्याच्या इनबॉक्समधून ती काढायला सांगा. पगाराची यादी, बँकेचे कागद वगैरे असेल तर तेही नको, घरी परत येईपर्यंत थांबा किंवा फोनवरच सही करून पाठवा.

आणि कुठेतरी चुकून उघडं राहिलंच तर, जीमेल कॉम्प्युटरवर उघडून इनबॉक्सच्या अगदी खाली उजवीकडे डीटेल्स लिहिलेलं असतं, ते दाबलं की कुठून कुठून लॉगिन आहे ते दिसतं आणि बाकी सगळीकडून साइन आउट करायचं बटण पण तिथेच. मायक्रोसॉफ्टमध्ये माय साइन-इन्स या पानावर सगळीकडून साइन आउट करता येतं. राउंडक्यूबवाल्यांनी पासवर्ड बदलायचा आणि आयटीला फोन करायचा.

हॉटेलचं, विमानतळाचं, किनाऱ्यावरच्या शॅकचं वायफाय याबद्दल लोक एकतर फार घाबरतात नाहीतर काहीच बघत नाहीत. पत्ता एचटीटीपीएसने, म्हणजे एन्क्रिप्ट केलेल्या जोडणीने, सुरू होत असेल तर मधल्या माणसाला तुमचा मेल वाचता येत नाही, हे खरं आहे. पण ब्राउझरने "युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट" असं मोठं लाल पान दाखवलं तर अ‍ॅडव्हान्स्ड दाबून पुढे जायचं नाही, कधीच नाही, तिथेच थांबायचं आणि मोबाईल डेटावर जाऊन बघायचं. डेटावर पण तेच आलं तर कंपनीच्या सर्टिफिकेटची (पान खरं असल्याच्या दाखल्याची) मुदत संपलेली असू शकते, फुकट मिळणारी सर्टिफिकेट बहुतेक ९० दिवसांची असतात आणि रिन्यू व्हायची राहून जातात, तेव्हा फोन करा, पण पासवर्ड टाकू नका.

मडगावहून मुंबईला गाडीत बसून काम करणार असाल तर बोगद्यांचा हिशोब धरा, गोव्यातच सुरू होतात, आणि रत्नागिरी गेल्यावर करबुड्याचा तर ६.५ किलोमीटरचा आहे. मोठा मेल थेट वेबमेलच्या खिडकीत लिहू नका, नोट्समध्ये लिहा आणि रेंज आली की पेस्ट करून पाठवा, कारण सेशन (लॉगिनची मुदत) मध्येच संपलं तर सेंड दाबल्यावर परत लॉगिनचं पान येतं आणि लिहिलेलं जाऊ शकतं. जीमेलवाल्यांसाठी चांगली सोय आहे, क्रोममध्ये जीमेल उघडून जीमेलच्या सेटिंग्जमध्ये ऑफलाइन टॅब, तिथे ७, ३० किंवा ९० दिवसांचे मेल लॅपटॉपवर ठेवता येतात, बोगद्यात पण वाचता लिहिता येतं आणि नेट आलं की आउटबॉक्समधून आपोआप जातात. हे फक्त स्वतःच्या लॅपटॉपवर.

जून महिन्यात विजांचा कडकडाट सुरू झाला आणि वीज गेली की ऑफिसात सर्व्हर असलेल्यांचा मेल बाहेरून बंद पडतो, यूपीएस किती वेळ पुरणार. अशा वेळी आलेले मेल हरवतात अशी भीती असते, पण पाठवणारा सर्व्हर थांबून थांबून परत प्रयत्न करतो, कोणी एक दिवस, कोणी ४ ते ५ दिवस, त्यामुळे वीज वेळेत आली की मेल येऊन पोचतात.

अटॅचमेंटचं थोडक्यात: जीमेलची मर्यादा २५ एमबी, पण मेलमध्ये घालताना फाइल साधारण एक तृतीयांशने फुगते, त्यामुळे २० एमबीची फाइल समोरच्या सर्व्हरवर अडकू शकते. मोठी ड्रॉइंग, फोटो असतील तर ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हची लिंक द्या, आणि ती लिंक फक्त त्या माणसाला उघडेल अशी ठेवा.

खोटं पान ओळखायचं कसं

बाहेर असताना माणूस घाईत असतो, फोनच्या छोट्या स्क्रीनवर असतो, आणि तेव्हाच "तुमचा मेलबॉक्स भरलाय, इथे लॉगिन करा" असा मेल येतो. अशा मेलमधल्या लिंकवरून लॉगिन करायचंच नाही, आपल्या बुकमार्कवरून जायचं. तरी एखादं पान उघडलंच तर पत्ता वाचा, पण सुरुवातीपासून नाही. एचटीटीपीएसनंतरचा पहिला सिंगल स्लॅश शोधा आणि तिथून मागे या, त्याच्या लगेच आधीचे दोन शब्द तो खरा मालक, डॉट को डॉट इन असेल तर तीन. आउटलुक डॉट ऑफिस डॉट कॉम डॉट लॉगिन-व्हेरिफाय डॉट एक्सवायझेड असं लिहिलेलं असेल तर ते ऑफिस डॉट कॉमचं नाही, लॉगिन-व्हेरिफाय डॉट एक्सवायझेडचं आहे, पुढे कितीही ओळखीचं नाव चिकटवलं तरी. कुलपाचं चिन्ह बघून विश्वास ठेवू नका, ते चोराच्या पानावर पण असतं.

पासवर्ड गेला असं वाटलं तर बदला, सगळीकडून साइन आउट करा, आणि मग एक गोष्ट जी जवळपास सगळे विसरतात ती करा, फिल्टर आणि फॉरवर्डिंग बघा. चोर आत शिरला की बऱ्याचदा पहिलं काम हे करतो की इनव्हॉइस किंवा पेमेंट शब्द असलेले मेल गुपचूप आपल्याकडे वळवणारा किंवा लपवणारा नियम टाकतो, आणि तुम्ही पासवर्ड बदलला तरी तो नियम तसाच राहतो. मग एक दिवस तुमच्या ग्राहकाला तुमच्याच नावाने मेल जातो की आमची बँक बदलली, पैसे या खात्यावर भरा. जीमेलमध्ये सेटिंग्जमध्ये फिल्टर्स आणि फॉरवर्डिंगचे टॅब, आउटलुकमध्ये मेलखाली रूल्स आणि फॉरवर्डिंग, राउंडक्यूबमध्ये सेटिंग्जमध्ये फिल्टर्स दिलेलं असेल तर ते. पैसे गेलेच असतील तर एक मिनिट न घालवता १९३० वर फोन करा, सायबर फसवणुकीची देशभराची हेल्पलाइन आहे ती, जितक्या लवकर तितकी रक्कम अडवली जायची शक्यता जास्त.

पासवर्ड सहकाऱ्याला द्यायचा नाही, मग काम कसं चालणार

"जरा माझा मेल उघडून बघ ना, पासवर्ड व्हॉट्सअ‍ॅप करतो" हे बंद करूया, खरंच. त्या चॅटमध्ये तो पासवर्ड कायमचा पडून राहतो. जीमेलमध्ये अकाउंट्स टॅबवर "ग्रँट अ‍ॅक्सेस टू युअर अकाउंट" असतं, कंपनीने सोय चालू ठेवली असेल तर त्यातून सहकारी स्वतःच्या लॉगिनने तुमचा मेल बघू शकतो, परत आलात की काढून टाका. मायक्रोसॉफ्टमध्ये ऑर्डर्स, अकाउंट्स अशा नावाचा शेअर्ड मेलबॉक्स करता येतो, ५० जीबीपर्यंत त्याला वेगळं लायसन्स लागत नाही, मग कोण रजेवर आहे याने ऑर्डर अडत नाही. माझ्या मते प्रत्येक कंपनीने ऑर्डरचा आयडी असाच ठेवावा.

ऑटो रिप्लाय लावून जा. जीमेलमध्ये जनरल टॅबच्या तळाशी व्हेकेशन रिस्पॉन्डर, तो एकाच माणसाला चार दिवसांतून एकदाच जातो म्हणून काळजी नको. आउटलुकमध्ये ऑटोमॅटिक रिप्लाइज, तिथे आतल्या आणि बाहेरच्या लोकांना वेगळा मजकूर देता येतो. मजकुरात कोणाला विचारायचं ते आणि ऑफिसचा फोन लिहा, घर बंद करून कुठे आणि किती दिवस गेलात ते नको.

वेबमेल उघडत नसेल तर आपल्या घरच्या जीमेलवरून ग्राहकाला रेट पाठवू नका. एकदा त्याला सवय लागली की उद्या कोणीतरी तसाच आयडी काढून पैसे मागेल आणि तो देईल. फोन करा, सांगा अडचण आहे, संध्याकाळी पाठवतो.

परत आल्यावर

ऑटो रिप्लाय बंद करा, सहकाऱ्याला दिलेला अ‍ॅक्सेस काढा, घरच्यांच्या लॅपटॉपवरून साइन आउट झालंय ना ते बघा, वापरलेल्या बॅकअप कोडवर काट मारा. पॉपवाल्यांचं आउटलुक उघडल्यावर रजेतले सगळे मेल न वाचलेले म्हणून उतरतील, वेबमेलमध्ये वाचलेले असले तरी, घाबरू नका. पण रजेत तुम्ही जे पाठवलं ते ऑफिसच्या पीसीवर येणार नाही, ते वेबमेलच्या सेंटमध्येच आहे, म्हणून गावी असताना प्रत्येक महत्त्वाच्या मेलला स्वतःला बीसीसीमध्ये (इतरांना न दिसणाऱ्या प्रतीत) ठेवत जा, आणि ठेवलं नसेल तर पहिल्याच दिवशी वेबमेल उघडून ते मेल स्वतःला फॉरवर्ड करून घ्या, नाहीतर महिन्याभराने ग्राहक "तुम्हीच तर हा रेट लिहिला होता" म्हणेल आणि तुम्ही पीसीवर शोधत बसाल.